सातबारा निघाला चावडीबाहेर

मध्यमवर्गीय मराठी घरात दागिन्यांचा डबा असो वा नसो, कागदांची एक पिशवी मात्र हमखास असते. कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, सहजासहजी कुणाचा हात पोचणार नाही अशा बेताने ती ठेवलेली असते. तिच्यात विम्याचे कागद, घरपट्टीच्या पावत्या, कुणाकुणाचे जन्माचे दाखले, आणि सर्वांच्या तळाशी, घड्यांवर फाटू लागलेला एक पिवळट कागद. तो गावच्या जमिनीचा सातबारा! तीन पिढ्या मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि फ्लॅटांत गेल्या, नांगर कसा धरतात हे घरातल्या एकालाही ठाऊक नाही; तरी 'गावाकडे आपली थोडी जमीन आहे' हे वाक्य उच्चारताना आपला आवाज किंचित भारदस्त होतो की नाही, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

हा कागद नव्याने काढायचा म्हणजे काय दिव्य असे, ते चाळिशीच्या पुढच्या वाचकांना मी सांगायला नको. पहाटेची एसटी पकडून गाव गाठायचे, तर तलाठी त्या दिवशी दुसऱ्या गावी. दुसऱ्या खेपेला तलाठी भेटले, तर दप्तर तालुक्याला गेलेले. तिसऱ्या खेपेला तलाठी आणि दप्तर एकाच छपराखाली सापडले, की त्या योगायोगाचे मोल चहापाण्याच्या रूपाने चुकते करायचे. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण काही कुणा कवीला स्वप्नात सुचलेली नाही.

आज तोच कागद घरबसल्या, १५ रुपयांत, चहाला आधण येईपर्यंत हाती पडतो. ही क्रांती लहान नव्हे. पण एक प्रश्न उरतोच. कागद लवकर मिळू लागला, हे तर दिसते आहे. पण त्या कागदावर जे लिहिलेले आहे ते अधिक खरे झाले का? सरकारने नवी यंत्रे आणली म्हणजे लोकांची कामे सुधारतात, असे आपण सर्रास म्हणतो. त्यातले किती काम यंत्र करते आणि किती माणसानेच करावे लागते? ह्या प्रश्नाच्या मागे मी बरेच दिवस होतो. थोडा हौसेने, आणि बराचसा घरच्या गरजेपोटी.

सात आणि बारा

'सातबारा' हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की त्यातले सात कोणते आणि बारा कोणते, हे विचारल्यास भले भले सुशिक्षित गप्प बसतात. गावच्या महसुली हिशेबासाठी एकूण २१ नमुने ठरवून दिलेले आहेत. त्यांपैकी गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख. जमीन कुणाच्या नावावर, किती, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, आणखी कुणाचा हक्क आहे का, हे सांगणारा. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन एकाच कागदावर आले, म्हणून त्याचा झाला सातबारा. मालकी बदलली, की तो बदल आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत चढतो आणि मंजूर झाल्यावर सातवर उतरतो. एखाद्या खातेदाराची गावातली सारी जमीन एकत्र पाहायची, तर ८-अ चा उतारा.

ह्या साऱ्या पद्धतीचे मूळ शोधत गेलो, तर आपण थेट इंदापूर तालुक्यात पोचतो. प्रिंगल साहेबांनी केलेली मोजणी आणि आकारणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ पासून तेथे नव्याने काम हाती घेतले आणि पुढे मुंबई इलाख्यात त्यांचीच पद्धत रुजली. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिच्या लांबी-रुंदीचा चौकोन म्हणजे एक गुंठा, आणि अशा ४० गुंठ्यांचा एकर. आज कागदावर हेक्टर आणि आर आले आहेत; पण आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच भरतात, त्यामुळे गावकऱ्याचे मन अजून गुंठ्यातच मोजते.

म्हणजे साखळी हेही एके काळचे नवे यंत्रच होते! आणि त्या वेळीही प्रश्न हाच होता: साखळी बरोबर मोजेल हो, पण वहीत लिहिणारा हात बरोबर लिहील का?

दप्तराचा धाक

१९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली कुलकर्ण्यांची वतने गेली आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. (२०२४ मध्ये शासनाने ह्या पदाचे नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' असे केले, पण लोकांच्या तोंडी तलाठीच आहे आणि बहुधा राहील.) तलाठ्याला नावे ठेवण्याची आपल्याकडे मोठी प्रथा आहे. मला ती तितकीशी न्याय्य वाटत नाही. एका माणसाकडे चार-चार गावे, वसुली, पंचनामे, निवडणुका, दुष्काळ आणि अतिवृष्टी, आणि ह्या साऱ्यांतून वेळ काढून हाताने उतारे लिहायचे. दोष माणसाचा असेल तेथे असेल. पण खरा दोष असा, की दप्तर एकच होते आणि ते एकाच्याच काखेत होते. कुणाचा अर्ज आधी आला, कुणाचा नंतर, कुणाचा का रखडला, हे त्या एका माणसाखेरीज कुणालाच दिसत नव्हते. जेथे दिसत नाही तेथे चिरीमिरीला जागा मिळते. मग ते खाते कोणतेही असो.

हे मर्म शेजारच्या कर्नाटकाने लवकर ओळखले. तेथे 'भूमी' नावाच्या योजनेत २००१ पर्यंत १७७ तालुक्यांतल्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर चढल्या. हाताने लिहिलेला उतारा बाद ठरवून तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपयांत छापील उतारा मिळू लागला. पण मला ह्या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती वेगळीच. फेरफाराचा अर्ज आला, की संगणकाने त्याला क्रमांक द्यायचा आणि 'जो आधी आला त्याचे काम आधी' हा नियम यंत्रातच बसवायचा. मधला अर्ज उचलून वर आणण्याची सोय कारकुनाला ठेवलीच नाही. गतीपेक्षा हा क्रम मोलाचा. रांगेत उभे राहायला सामान्य माणसाची ना नसते. रांग मोडली, की तो चिडतो.

महाराष्ट्रातली वाट

भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा आपल्याकडचा वर्धा जिल्हा तिच्यात होता. त्यानंतरची वाट मात्र लांबलचक निघाली. महाराष्ट्रात सातबारे सुमारे अडीच कोटी! एकेका उताऱ्यावर चार-पाच पिढ्यांची नावे, खाडाखोड, कंसातले शेरे, आणि अक्षर असे, की लिहिणाऱ्याने स्वतः वाचून दाखवावे. हे सारे टंकलेखकांनी संगणकात भरायचे आणि मूळ कागदाशी ताडून पाहायचे.

अखेर १ मे २०१८ ह्या महाराष्ट्रदिनी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. डिजिटल स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. ते एक गणिती कुलूप आहे. कागदातले एक अक्षर जरी मागाहून बदलले, तरी कुलूप तुटल्याचे लगेच कळते. त्यामुळे ह्या उताऱ्यावर कुणाची शाईची सही किंवा शिक्का लागत नाही. नुसता पाहायचा असेल, तर 'महाभूलेख'वर तो फुकट दिसतो. सरकारी वा कायदेशीर कामासाठी हवा, तर १५ रुपये भरून स्वाक्षरीचा घ्यायचा.

उतारा मिळणे ही झाली एक बाजू. दुसरी बाजू फेरफाराची, आणि खरी मेख तेथे आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले, की त्याची वर्दी आता ई-फेरफार प्रणालीतून महसूल खात्याकडे आपोआप जाते. वारसनोंदीसारखे अर्ज 'ई-हक्क' ह्या प्रणालीतून घरूनही करता येतात. तलाठ्याने नोंद धरली, की हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हा क्रम जुनाच आहे, १९६६ च्या जमीन महसूल संहितेतला. नवे काय, तर पूर्वी जी नोटीस चावडीच्या भिंतीवर लागे आणि पावसाने वा वाऱ्याने जाई, ती आता 'आपली चावडी' ह्या नावाने संकेतस्थळावर कुणालाही, कुठूनही पाहता येते.

ह्या भिंतीचा प्रताप मला घरातच पाहायला मिळाला.

आत्याचे नाव

आमची जमीन सातारा जिल्ह्यात, पावणेतीन एकर. नव्या मापाने १ हेक्टर ११ आर. आजोबांनी ती स्वतःच्या कमाईतून घेतलेली. १९७४ साली ते वारले, मृत्युपत्र नव्हते. मागे आजी, माझे वडील, आत्या आणि त्या वेळी पंधरा वर्षांचे काका. आजी गेली, वडीलही गेले. वडिलांच्या जागी माझे नाव लावायचे म्हणून मी उतारा काढला आणि पडद्यावर डोळे लावून बसलो.

काकांच्या नावापुढे 'अ.पा.क.' असा शेरा होता. म्हणजे अज्ञान पालनकर्ता! आमचे काका बँकेतून निवृत्त झाले, नातवंडांत रमले, रोज सकाळी चार मैल चालतात. पण सरकारदरबारी ते अजून अज्ञान बालक, आणि त्यांची पालनकर्ती असलेली आजी दिवंगत. ह्या गोष्टीवर घरात पोटभर हसून झाले. हसणे थांबले ते पुढच्या रकान्याशी. आत्याचे नाव कब्जेदारांत नव्हतेच. ते उजवीकडे, 'इतर हक्क' ह्या सदरात, कर्जाच्या बोज्याच्या वर एका ओळीत टाकलेले होते.

हे केवळ आमच्याच घरी घडले असे नाही. बहिणीचे नाव 'इतर हक्कात' ठेवण्याचा रिवाज गावोगाव होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मतः समान हिस्सेदार असल्याचे महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात आणले. आणि त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. कायदा दिल्लीत पुढे सरकत होता आणि आत्या त्या रकान्यात पन्नास वर्षे बसून होती.

मी डोंबिवलीला जाऊन तिला उतारा दाखवला. तिने चष्मा पुसून तो दोनदा वाचला. तेवढ्यात तिच्या सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्हाला कुठे जमीन हवी आहे? हक्कसोडपत्र करून मोकळ्या व्हा ना!"

आत्या शांतपणे म्हणाली, "सोडायची की ठेवायची ते मी पुढे बघेन. पण जे माझ्या नावावर लिहिलेलेच नाही, ते मी सोडणार कसे? आधी लिही रे बाबा."

तिच्या ह्या बोलण्याला उत्तर नव्हते. मी वारसनोंदीचा १९७४ सालचा फेरफार शोधायला लागलो. पूर्वी हे शोधणे म्हणजे तालुक्याच्या अभिलेखकक्षात धुळीशी कुस्ती. आता काही जिल्ह्यांतल्या जुन्या दप्तरांच्या पानांची छायाचित्रे संकेतस्थळावर मिळतात. आमच्या नशिबाने ते पान मिळाले. वारसांच्या यादीत आत्याचे नाव स्वच्छ अक्षरांत तिसरे होते. म्हणजे वहीला सारे ठाऊक होते. वहीतून उताऱ्यावर येताना ते बाजूला सरकवले गेले होते. ते पान जोडून तहसील कचेरीत अर्ज केला. जबाब झाले, आदेश झाला, फेरफाराला क्रमांक पडला.

आणि चौथ्या दिवशी बंगळूरहून काकांच्या मुलाचा फोन! हाती पडायच्या नोटिशीआधी त्याने ती 'आपली चावडी'वर वाचली होती. "दादा, हे काय चालवले आहेस? आम्हाला विचारायची पद्धत आहे की नाही?" त्याचा आवाज चढलेला होता. काकांचाही रात्री फोन आला. ते फारसे बोलले नाहीत. पण न बोलणे किती बोलके असते, ते भावकीतल्या माणसाला सांगावे लागत नाही.

येथे मला ह्या उघड्या भिंतीची दुसरी बाजू कळली. ती आत्याला जशी तिचे काम कुठवर आले ते सांगत होती, तशीच काकांना हरकतीची वेळ आणि हक्क सांगत होती. पंधरा वर्षांपूर्वी हीच नोंद गुपचूप झाली असती, किंवा गुपचूप अडवली गेली असती; आणि वर्षभराने कुणाला तरी कळून दोन घरांत कायमचा अबोला पडला असता. आता सर्वांना एकाच दिवशी, एकच मजकूर दिसत होता. त्यामुळे बोलणे भाग पडले.

दहाव्या दिवशी आम्ही सारे काकांच्या घरी बसलो. मी जुन्या फेरफाराचे पान त्यांच्यापुढे ठेवले. आपल्या वडिलांच्या निधनानंतर चाळीस-पन्नास दिवसांत लिहिलेले ते पान त्यांनी आजवर पाहिले नव्हते. बराच वेळ पाहून म्हणाले, "ताईचे नाव माझ्या आधी आहे की रे ह्यात." मग मुलाकडे वळून म्हणाले, "हरकत घालायची नाही." काही वेळाने आत्यालाच म्हणाले, "तुझ्याबरोबर माझाही एक अर्ज देऊन टाकू. निदान मरण्यापूर्वी सज्ञान तरी होतो!"

सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. नोंद प्रमाणित झाली, उतारा निघाला, आणि त्यावर आत्याच्या आडनावातला अनुस्वार गळालेला! टंकलेखकाच्या बोटाखालून निसटलेल्या त्या एका टिंबाने आमचे दोन महिने खाल्ले. कारण आधारपत्रावर टिंब आहे आणि उताऱ्यावर नाही, म्हणजे यंत्राच्या लेखी त्या दोन निराळ्या बायका. पूर्वीचा तलाठी निदान म्हणाला असता, "अहो, ह्या त्याच बाई, मी ओळखतो." यंत्राला ओळख नसते. हा त्याचा गुण, आणि हाच त्याचा दोष.

यंत्राच्या शब्दाला किती मान?

ह्या दोषाची किंमत किती भयंकर होऊ शकते, त्याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले आहे. तेथल्या टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणकी हिशेबपद्धती आणली. गावोगावची छोटी पोस्टे चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ती माणसे कळवळून सांगत होती, की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण संगणक म्हणतो तूट, म्हणजे तूट! २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. कुणी तुरुंगात गेले, कुणी घरदार विकून तूट भरली. २०१९ साली न्यायालयाने सांगितले, की पद्धतीतच दोष होते. आणि २०२४ मध्ये खास कायदा करून ह्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

आपल्या सातबाराच्या बाबतीत हे विसरता कामा नये. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे, अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. त्याचबरोबर न्यायालये वारंवार सांगत आली आहेत, की ही नोंद महसुलासाठी आहे, मालकीचा तो अंतिम पुरावा नव्हे. म्हणजे कागदाला मान आहे. पण शेवटचा शब्द त्याचा नाही. हाच विवेक यंत्राबाबतही हवा. लेखनातल्या चुका दुरुस्त करायला कलम १५५ आहे. प्रश्न एवढाच, की साधे टिंब दुरुस्त करायलाही तेच सारे सोपस्कार का लागावेत? चूक खात्याच्या टंकलेखनातली असेल, तर ती दुरुस्त करण्याचे हेलपाटे नागरिकाने का घालावेत?

आणि ज्यांना पडदा वाचता येत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी 'आपले सरकार सेवा केंद्रे' आहेत; २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आणि न मिळाल्यास अपिलाची सोयही दिली आहे. पण केंद्रावरचा मुलगा जे भरील ते निमूट मान्य करून अंगठा उठवणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. पूर्वी तलाठ्यावर जितका विश्वास टाकावा लागे, तितकाच आता त्या मुलावर टाकावा लागतो. मध्यस्थ गेला नाही. फक्त तरुण झाला.

चुन्याची रेघ

नव्या यंत्रांची आणखी एक गंमत सांगतो. गावाभोवतीच्या शेतीला सातबारा असतो; पण ज्या गावठाणात माणसे राहतात, तेथल्या घरांना बहुतेक लहान गावांत मोजणीचा कागदच नव्हता. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोन, म्हणजे मानवरहित छोटे विमान उडवून गावठाण मोजण्याचा प्रयोग महाराष्ट्राने केला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची 'स्वामित्व' योजना देशभरासाठी जाहीर झाली आणि १८ जानेवारी २०२५ ह्या एका दिवशी ६५ लाखांहून अधिक मालमत्तापत्रके वाटली गेली.

आता हे विमान वरून सारे टिपते खरे. पण तुमचे अंगण कुठे संपते आणि शेजाऱ्याचे कुठे सुरू होते, हे त्याला कसे कळणार? त्यासाठी उड्डाणापूर्वी गावकऱ्यांसमक्ष हद्दींवर चुन्याच्या रेघा मारतात. म्हणजे आकाशातला तो डोळा जी रेघ अचूक टिपतो, ती आधी दोन शेजाऱ्यांनी जमिनीवर उभे राहून मान्य केलेली असावी लागते. तंटा असेल, तर तो विमानाने मिटत नाही.

ई-पीक पाहणीचेही तेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या फोनवरून, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करता येऊ लागली. बाराव्या नमुन्याची लेखणी प्रथमच शेतकऱ्याच्या हाती आली. ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आणि २०२५ च्या १ एप्रिलपासून राज्यात 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम निघाली; बुलढाणा जिल्ह्यात आधी झालेल्या प्रयोगावरून तिची कल्पना निघाली. मयत खातेदारांच्या जागी हयात वारसांची नावे लावायची, हा तिचा हेतू. पुढच्या टप्प्यात अ.पा.क., एकत्र कुटुंबाचा कर्ता, जुनी तगाई असले कालबाह्य शेरे काढणेही हाती घेतले गेले. पाहा, उतारे आधीच संगणकावर होते. पण त्यांतली मेलेली माणसे यंत्राला मेलेली वाटत नव्हती! त्यासाठी तलाठ्याला गावात जाऊन चौकशीच करावी लागली.

काय मागावे?

मग सरकारने नवी यंत्रे आणूच नयेत की काय? छे! आत्याचे नाव उताऱ्यावर आले ते जुने पान पडद्यावर दिसले म्हणून आणि नोटीस सर्वांना दिसली म्हणून, हे मी विसरणे शक्य नाही. माझे म्हणणे एवढेच, की यंत्राकडून आपण नुसती घाई मागू नये, उघडेपणा मागावा.

एस्टोनिया नावाचा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश आहे. लोकसंख्या जेमतेम १३ लाख. तेथे २००१ पासून सरकारी खात्यांची दप्तरे एका सामाईक जाळ्याने जोडलेली आहेत. एका खात्याकडे दिलेली माहिती दुसऱ्याने पुन्हा मागायची नाही, असा दंडक. आणि माझी माहिती कोणत्या खात्याने, केव्हा उघडून पाहिली, हे नागरिकाला स्वतः पाहता येते. दप्तर सरकारचे, पण त्याच्यावर नजर नागरिकाची! आपला देश अवाढव्य आहे, हे खरे. पण हा नियम देशाच्या आकारावर थोडाच अवलंबून आहे?

आपणही तीन गोष्टी मागाव्यात. माझा अर्ज कितवा आहे आणि का थांबला आहे, ते मला दिसावे. माझ्या नोंदीला कुणी हात लावला, ते मला कळावे. आणि यंत्र चुकले, तर ऐकून घेऊन सही करण्याचा अधिकार असलेले एक माणूस खिडकीत बसलेले असावे.

आता दिवाळीचे चार दिवस सारी घरे भरलेली आहेत. भाऊबीजेला बहिणी येतील, ओवाळणी होईल, फराळाची ताटे फिरतील. दुपारी मंडळी पान-सुपारीला बसली, की घरातल्या एखाद्या नातवाला सांगा, आपला उतारा काढ आणि सर्वांसमक्ष मोठ्याने वाच. कोण हयात आहे, कोण गेले, कोण अजून अज्ञान आहे, आणि कुणाचे नाव चुकीच्या रकान्यात बसले आहे, ते साऱ्यांनी एकदम ऐकावे. आमच्या आत्याचे नाव तिच्या सत्तरीनंतर जागेवर आले. तुमच्या घरातल्या बहिणीला इतकी वर्षे थांबायचे आता काही कारण उरलेले नाही.